नाइलिचो ऊर्फ व्हर्जिनिया फॉल्स: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलातल्या या धबधब्यापर्यंत रस्ता जात नाही. तुमचा बेत इथे विमान, हवामान आणि वजनकाटा हे तिघे मिळून ठरवतात. खालची बहुतेक उत्तरं शेवटी याच तिघांपाशी येतात.

धबधबा नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या नैऋत्य कोपऱ्यात, नहानी नॅशनल पार्क रिझर्व्हमध्ये, साउथ नहानी नदीवर. उंची सुमारे ९६ मीटर, म्हणजे नायगाराच्या जवळपास दुप्पट. मधोमध एक प्रचंड सुळका उभा आहे. त्याला मेसन्स रॉक म्हणतात. होडीतून या नद्या पालथ्या घालणाऱ्या आणि त्यांवर चित्रपट काढणाऱ्या बिल मेसन यांचं ते नाव. या सुळक्यामुळे पाण्याचे दोन भाग होतात. धबधब्याच्या लगेच वर ‘स्लूस बॉक्स’ नावाचा खळाळता उतार आहे. नदी तिथे अरुंद होऊन आधीच फेसाळते आणि मग कोसळते.

१९७८ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिली यादी केली, तिच्यात नहानी होतं. २००९ मध्ये उद्यानाची हद्द वाढवून ती सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर झाली. ही डेने या मूळनिवासी लोकांची भूमी आहे. नाइलिचो हे धबधब्याचं त्यांचं नाव, आणि उद्यानाचा कारभारही पार्क्स कॅनडा ही राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था त्यांच्याबरोबर मिळून पाहते. नकाशांवर दोन्ही नावं सापडतील.

गाडीने कुठपर्यंत जाता येतं?

फोर्ट सिम्प्सनपर्यंत. लिआर्ड आणि मॅकेन्झी या नद्यांच्या संगमावरच्या बेटावर वसलेलं हे छोटं गाव. टेरिटरीची राजधानी यलोनाइफहून रस्त्याने सुमारे ६३० किलोमीटर. या वाटेवरचा बराचसा पश्चिमेकडचा टप्पा खडीचा आहे. गावाच्या अलीकडे लिआर्ड नदी उन्हाळ्यात फेरीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून ओलांडतात. नदी गोठत असताना आणि वसंतात बर्फ फुटत असताना दोन्ही बंद. गावात असाल तर गावातच राहायचं.

दुसरी वाट ब्रिटिश कोलंबियातल्या फोर्ट नेल्सनकडून फोर्ट लिआर्डमार्गे येते. फोर्ट लिआर्ड ते फोर्ट सिम्प्सन हे अंतर सुमारे २८० किलोमीटर, आणि त्यात पेट्रोल मिळेल असं धरून चालू नका. टाकी भरूनच निघा. पूर्ण आकाराची एक जादा स्टेपनी ठेवा, दोन असल्या तर उत्तम. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला घ्या. काचेला तडा जातो तो बहुधा समोरच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने. या रस्त्यावर रानगवे (बायसन) कळपाने उभे असतात आणि हॉर्नला अजिबात भीक घालत नाहीत. संध्याकाळनंतर गाडी चालवणं टाळा. गव्याच्या डोळ्यांत हरणासारखी चमक दिसेल या भरवशावर राहू नका, कारण त्याचं डोकं खाली झुकलेलं असतं.

पुढे विमान कोणतं? पैसे कसे आकारतात?

चाकांऐवजी तरंगते लावलेलं छोटं विमान, म्हणजे फ्लोटप्लेन. ते धबधब्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या संथ पात्रात उतरतं. फोर्ट सिम्प्सनहून सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर. हवा चांगली असेल तर एका बाजूला दीड तासाच्या आसपास.

सहसा तीन प्रकारची विमानं मिळतात: सेस्ना (सामानासह साधारण तिघे), बीव्हर (चार-पाच जण) आणि ट्विन ऑटर (दहाच्या आसपास). भाडं माणशी नसतं, अख्ख्या विमानाचं असतं. शिवाय तुम्हाला सोडून ते रिकामं परत जातं आणि न्यायला रिकामं येतं, त्या फेऱ्याही तुमच्याच बिलात येतात. म्हणून दोघांना तिथे राहायला जाणं फार महाग पडतं आणि चौघांना त्यामानाने परवडतं. एकटे असाल तर कंपनीला तारखा मोकळ्या ठेवून कळवा. कुणाच्या तरी विमानात एक जागा रिकामी असते.

वजन खरं सांगा. पायातले बूट, कॅमेरा, खिशातलं सामान, सगळं धरून. विमानतळावर काटा असतोच. पाच किलो जास्त भरले तर निम्मी पिशवी धक्क्यावर सोडावी लागते, आणि घाईत लोक नेमकी खाण्याची पिशवी सोडतात. कडक सुटकेस आणू नका. तिरप्या शेपटीत मऊ पिशव्याच कोंबता येतात.

एका दिवसात जाऊन येणं योग्य की मुक्काम करावा?

दिवसाच्या सहलीत धबधब्यावर दोन-तीन तास मिळतात. वरचा कठडा आणि खालचा पायथा, दोन्ही पाहून होतं. पैसे आणि सुट्टी मोजकी असेल तर यात कमीपणा काही नाही.

पण जमत असेल तर मुक्काम करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवसाची सहल ढगांच्या हाती असते. विमान जाऊन उतरतं, तुषार आणि धुकं यात सुळकासुद्धा दिसत नाही, आणि वैमानिक घड्याळ बघत उभा असतो. दोन रात्री राहिलात तर निदान एक सकाळ किंवा संध्याकाळ स्वच्छ मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मुक्कामाची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि किती रात्री राहता येईल यालाही मर्यादा आहे. त्यामुळे विमान ठरवण्यापूर्वी पार्क्स कॅनडाच्या फोर्ट सिम्प्सन कार्यालयाशी बोला. आधी विमान आणि मग जागा असा उलटा क्रम केला की तारखा जुळत नाहीत.

कोणत्या महिन्यात जावं?

हंगाम जेमतेम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगलेली असते. धबधब्याचा जोर सर्वाधिक, तुषारही सर्वाधिक, आणि डासही. २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे १९ तासांचा असतो आणि पूर्ण अंधार होतच नाही. झोपेसाठी डोळ्यांवर पट्टी आणा. जुलै सर्वांत उबदार, दुपारी २० ते २५ अंश. पण वणव्यांचा धूरही याच काळात पसरतो. हे वैमानिक डोळ्यांनी पाहून उडतात, धूर दाटला की विमान जागचं हलत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात या प्रदेशात वणव्यांनी थैमान घातलं होतं.

ऑगस्टचा उत्तरार्ध आम्हाला सर्वांत आवडतो. डास ओसरलेले, बर्च आणि ॲस्पेन पिवळे पडू लागलेले, आणि रात्री पुन्हा काळोख आल्यामुळे आकाश निरभ्र असलं तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. किंमत एकच: पहाटे पारा शून्याजवळ जातो. पाणी तेव्हा थोडं उतरलेलं असतं, पण खडकाची ठेवण तेव्हाच नीट कळते.

विमान ठरल्या दिवशी आलंच नाही तर?

हा प्रश्न लोक सर्वांत शेवटी विचारतात, खरं तर पहिला विचारायला हवा.

विमान न येणं हा इथे अपवाद नाही. डोंगरांतल्या खिंडींवर ढग बसले, धूर आला, किंवा वारा पात्राला आडवा सुटला की उड्डाण पुढे ढकललं जातं. एक दिवस सहज जातो. दोन-तीनही जाऊ शकतात. तयारी अशी ठेवा:

परतीच्या विमानाची तारीख आणि यलोनाइफहून पुढच्या तिकिटाची तारीख यांत किमान दोन, शक्यतो तीन रिकामे दिवस ठेवा. जातानाही एक दिवस मोकळा हवा. ज्यांच्याकडे रजा अगदी मोजून आहे ते वैमानिकाला गळ घालतात, आणि नको त्या हवेत उडायला लावण्याइतकी वाईट गोष्ट इथे दुसरी नाही. वैमानिक नाही म्हणाला की विषय संपला.

खाणं माणशी तीन जादा दिवसांचं न्या. ते वेगळ्या पिशवीत बांधा आणि ‘आणीबाणी’ लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच रात्री फस्त होतं. रोजची औषधंही तितक्याच जादा दिवसांची.

परतीच्या दिवशी सकाळपासून सामान बांधून धक्क्याजवळ तयार राहा. तंबू मात्र सर्वांत शेवटी आवरा. विमानाचा आवाज ऐकू आल्यावर तंबू गुंडाळायला दहा मिनिटं पुरतात. भिजलेल्या दुपारी तंबूविना सहा तास काढणं फार जड जातं.

पायवाटा किती अवघड आहेत?

मुक्कामाच्या जागेपासून धबधब्याकडे जाणारा काही भाग लाकडी फळ्यांचा आहे. खालची जमीन दलदलीची आणि शेवाळाची असल्यामुळे फळ्या सोडून चालायचं नाही. एकदा तुडवलेलं शेवाळ कित्येक वर्षं भरून येत नाही. ओल्या फळ्या मात्र साबण लावल्यासारख्या निसरड्या होतात. खोल खाचांचे बूट हवेत, सपाट तळाचे नकोत.

वरच्या बाजूची वाट स्लूस बॉक्सच्या काठावर नेते. दुसरी पायथ्याशी उतरते. होडीवाले याच वाटेने आपलं सारं सामान वाहून नेतात. लांबी सव्वा-दीड किलोमीटरच्या आसपास, शेवटचा उतार वळणावळणांचा आणि तीव्र. नुसतं चालायला अर्धा-पाऊण तास, चढताना थोडा जास्त. होडी आणि पिंपं वाहायची तर तीन-चार फेऱ्या, म्हणजे पूर्ण दिवस.

पलीकडचा सनब्लड डोंगर चढता येतो का?

येतो, आणि वरून धबधबा, नदीची वळणं आणि जंगल एका नजरेत दिसतं. पूर्ण दिवसाची चाल आहे, चढ सुमारे हजार मीटरचा, वर पाणी नाही. माणशी तीन लिटर न्या.

अडचण डोंगरात नाही, नदीत आहे. तो पलीकडच्या काठावर आहे आणि होडीने पार व्हावं लागतं, तेही धबधब्याच्या वरच्या अंगाला. आधी काठाकाठाने बरंच वर वल्हवत जा, मगच आडवे निघा. प्रवाह जितकं खाली ओढेल त्याच्या कितीतरी पट अंतर हाताशी असलं पाहिजे. लाइफ जॅकेट बंद केलेलं, जादा वल्हं होडीत बांधलेलं. होडी चालवण्याची सवय नसेल तर हा बेत सोडून द्या.

काठावर सर्वांत मोठा धोका कोणता?

माणसं कड्याच्या टोकावर फोटोसाठी सरकतात. तुषारांमुळे खडकावर कायम पातळ, हिरवट थर असतो आणि तो फोटोत दिसत नाही. बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत. कोरडा खडक जिथे संपून ओला सुरू होतो, तिथेच थांबा.

दुसरं म्हणजे पाणी. ऐन उन्हाळ्यातही नदी अतिशय थंड असते. गार पाण्यात पडल्यावरचं कॅनडातलं सूत्र ‘एक-दहा-एक’ असं सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची सुमारे १० मिनिटंच हातपाय नीट काम करतात, आणि साधारण १ तासात शरीर गारठून शुद्ध हरपते. धबधब्याच्या वर मात्र ही १० मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. तिथे पोहायचं नाही, भांडी धुवायला खोल उतरायचं नाही.

अस्वलांचं काय?

काळी अस्वलं आणि ग्रिझली, दोन्ही आहेत. बहुतेकांना तुमच्यात रस नसतो, तुमच्या अन्नात मात्र असतो. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, कचऱ्याची पिशवी हे सगळं त्यांच्या लेखी अन्नच. अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत किंवा पिंपात ते झोपण्याआधी बंद करा, आणि तंबूत काहीही नको, चॉकलेटचा कागदसुद्धा. स्वयंपाक करताना घातलेला शर्टही तंबूबाहेर.

चालताना बोला, टाळ्या वाजवा. धबधब्याजवळ हे विशेष महत्त्वाचं, कारण पाण्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही आणि तुम्हाला त्याची. अस्वल अचानक समोर आलं की पळायचं नाही. शांत आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा, प्रत्येकाच्या कमरेला हवा, सॅकमध्ये नाही. सॅकमधला डबा काढायला लागणाऱ्या वेळात अस्वल तीस मीटर कापतं. फवारा साधारण पाच ते नऊ मीटर जातो आणि डबा काही सेकंदांत रिकामा होतो, म्हणून अस्वल अगदी अंगावर येऊ लागल्यावर, थोडा खाली नेम धरून, भिंत उभारल्यासारखा मारायचा. वारा तुमच्याकडे असेल तर निम्मा तुमच्याच डोळ्यांत. डब्यावरची मुदत तपासा. जुन्या डब्यातला दाब गेलेला असतो. आणि एक नेहमीचा घोळ: हा स्प्रे डासांच्या औषधासारखा तंबूला किंवा कपड्यांना फासायचा नसतो. वाळलेल्या स्प्रेचा वास अस्वलांना उलट खेचतो.

स्प्रे आणि गॅस विमानातून नेता येतो?

प्रवासी विमानातून नाही, हातातल्या पिशवीत नाही आणि तपासलेल्या सामानातही नाही. स्टोव्हचा गॅस आणि पांढरं पेट्रोल यांनाही तोच नियम. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास येत असला तरी अडवतात. हे सगळं यलोनाइफला किंवा फोर्ट सिम्प्सनला घ्या, पण दुकानात साठा आहे का ते आधी फोन करून विचारा. फ्लोटप्लेनमध्ये बसताना स्प्रे आणि इंधन आहे हे वैमानिकाला सांगा. स्प्रे तो सहसा खालच्या तरंगत्यांतल्या कप्प्यात ठेवतो. केबिनमध्ये डबा फुटला तर वैमानिकालाच दिसेनासं होईल.

डास किती?

जून आणि जुलैच्या पूर्वार्धात भरपूर. नंतर काळ्या माश्या येतात आणि त्या जास्त तापदायक, कारण त्या टोचत नाहीत, कातडी चावून फोडतात. त्या कपड्यांवरून चालत चालत मनगट, घोटा, केसांची कड अशा फटी शोधतात. पँट मोज्यांत खोचा, बाह्यांना घट्ट कफ हवेत. फिक्या रंगाचे कपडे घाला. गडद निळ्याकडे त्या धावतात. चेहऱ्याची जाळी काळ्या रंगाची घ्या, पांढऱ्या जाळीतून उन्हात नीट दिसत नाही. अंगाला लावायच्या कीटकरोधक औषधात ३० टक्के डीट किंवा २० टक्के इकॅरिडिन पुरतं. डीट प्लास्टिक विरघळवतं. गॉगल, घड्याळाचा पट्टा, कॅमेऱ्याची पकड यांना हात लावण्याआधी हात पुसा.

नदीचं पाणी पिता येतं?

थेट नको. मुख्य नदीत बारीक गाळ असतो आणि तो फिल्टरला काही लिटरांतच बुजवतो. बादलीत पाणी रात्रभर निवळू द्या, किंवा २० लिटरला साधारण अर्धा चमचा तुरटी घालून ढवळा, तासाभरात वरचं पाणी स्वच्छ होतं. मग ते फिल्टर करा किंवा एक मिनिट खळखळून उकळा. जवळ ओढा असेल तर त्याचं पाणी घेणं अधिक सोपं, तेही गाळूनच.

फोन लागतो का?

नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन हवा. खोल घळईत आकाशाचा तुकडाच दिसतो, त्यामुळे संदेश जायला वीस-तीस मिनिटंही लागतात. ‘पाठवला’ अशी खूण येईपर्यंत यंत्र बंद करू नका. विमान कंपनीचा नंबर त्यात आधीच भरून ठेवा. रात्री राहणाऱ्यांनी जाताना उद्यानाकडे नोंद करायची असते आणि परतल्यावर ‘आलो’ हेही कळवायचं असतं. दुसरा भाग विसरलात तर तुमच्या शोधाला सुरुवात होऊ शकते.

होडीने पुढे खाली जाता येतं का?

हो, आणि पुष्कळ लोक त्यासाठीच येतात. धबधब्यापासून नहानी ब्यूट या गावापर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर, आठवडा ते दहा दिवस. वाटेतल्या घळयांना खालून वर असे क्रमांक दिलेले आहेत, कारण सुरुवातीचे प्रवासी उगमाकडे चढत गेले. म्हणून धबधब्याखाली लागते ती ‘चौथी’ घळई. धबधबाच हजारो वर्षं खडक झिजवत मागे सरकत गेला आणि त्यानेच ती कोरली. तिच्यात उभ्या लाटा असतात, तेव्हा खवळत्या पाण्यात होडी हाकण्याचा अनुभव नसेल तर परवाना असलेल्या मार्गदर्शक कंपनीबरोबरच जा.

ती मुंडकी नसलेल्या माणसांची गोष्ट खरी आहे का?

गाभा खरा आहे. सोनं शोधायला गेलेल्या विली आणि फ्रँक मॅक्लाउड या भावांचे शिरविरहित सांगाडे १९०८ मध्ये सापडले. ‘डेडमेन व्हॅली’ हे नाव तिथून आलं, आणि ती जागा धबधब्यापासून बरीच खाली, पहिल्या आणि दुसऱ्या घळईच्या मध्ये आहे. बाकीचा मसाला वर्तमानपत्रांनी घातला.

ड्रोन, मासेमारी, बंदूक?

परवानगीशिवाय ड्रोन बंद. मासेमारीला राष्ट्रीय उद्यानाचा वेगळा परवाना लागतो, टेरिटरीचा चालत नाही. बंदूक पर्यटकांना नेता येत नाही.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी येऊ शकतात?

दिवसाच्या सहलीला नक्की. अट इतकीच की तरंगत्यावर पाय ठेवून डुगडुगत्या विमानातून धक्क्यावर उतरता आलं पाहिजे. वरच्या कठड्यापर्यंतची वाट गुडघे दुखणाऱ्यांनाही काठी घेऊन जमते. पायथ्याचा उतार त्यांनी सोडावा, कारण उतरणं जमतं आणि चढताना विमानाची वेळ टळते. लहान मुलांचा हात कठड्याजवळ सतत धरलेला हवा. विमानात आवाज फार असतो, त्यांच्या मापाचे कानावरचे हेडफोन आहेत का ते कंपनीला आधी विचारा. ज्यांना विमान लागतं त्यांनी गोळी उड्डाणाच्या तासभर आधी घ्यावी, डोंगरांवर हेलकावे सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.